शरभ घराण्याला साम्राज्य परत मिळालं आणि मला जांभई आली (मदत हवी)

धुळाक्षर

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं डोक्यात घोळणारी अद्भुत कादंबरी अखेर कागदावर उतरायला लागलीय आणि नेमकी शेवटाला येऊन रुसून बसलीय. इथे इतिहासवाले आहेत, अद्भुतवाले आहेत आणि निव्वळ वाद घालायला येणारेही आहेत. तिघांचीही गरज आहे.

थोडक्यात मामला असा. सप्तद्वार नावाचं साम्राज्य १८० वर्षांपूर्वी बुडालं. राजधानी पडली त्या रात्री राजघराण्याची एक शाखा, शरभ, उत्तरेच्या पठारावर निसटली. तिथे मिठाच्या खाणी आहेत आणि वारा आहे, बाकी काही नाही. आज शरभ ४,००० आहेत. पोर चालायला लागलं की घोड्यावर बसवतात. लग्न लागताना नवरानवरी राजधानीच्या दिशेला तोंड करून उभी राहतात. आणि प्रत्येक कुळाकडे एक तलवार आहे. तिने स्वतःच्या तळहातावर चीर दिली की ती पूर्वी ज्यांच्या ज्यांच्या हातात होती त्यांचे आवाज ऐकू येतात. जादू एवढीच. ड्रॅगन नाहीत, भाकितं नाहीत.

नायिका तारिणी, वय १९. थोरल्या कुळाची तलवार तिच्याकडे आलीय. तिचा काका सेनापती आहे आणि त्याला येत्या उन्हाळ्यातच खाली उतरायचंय, कारण सप्तद्वारवर सध्या राज्य करणाऱ्यांत भाऊबंदकी पेटलीय.

लढाया लिहून झाल्या. राजधानीही घेऊन झाली. तारिणी सिंहासनावर बसली आणि मला चक्क जांभई आली. कुठे कमी पडतंय?

उगाचच

वाचतेय. ड्रॅगन नाहीत म्हटल्यावर जीव भांड्यात पडला.

बखरखोर

जांभई येणारच. गोष्टीतला सगळ्यात वाईट दिवस सिंहासनावर बसल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडतो आणि तू त्याच्या आदल्या रात्री पुस्तक मिटतेयस.

जगाच्या इतिहासात बुडालेलं साम्राज्य खरोखर परत मिळवल्याचं एक ठसठशीत उदाहरण आहे, ते बघ. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातल्या फौजांनी बायझंटाईन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल लुटलं आणि तिथे आपला बादशहा बसवला. ग्रीक सरदार पांगले. त्यातल्या लास्कारिस घराण्याने समुद्रापलीकडे निकियाला दरबार मांडला. पुढची ५७ वर्षं त्यांनी शेती सावरली, सरहद्दीवरचे शिपाई सांभाळले, खजिना भरला आणि वाट बघितली. मग जुलै १२६१ मध्ये त्यांचा एक सरदार, अलेक्सिओस स्ट्रॅटेगोपुलोस, सुमारे ८०० माणसं घेऊन शहराच्या आसपास टेहळणीला गेला. शहर घ्यायचा हुकूमच नव्हता. तिथे त्याला कळलं, की शहरातली शिबंदी आणि व्हेनिसचं आरमार दोन्ही काळ्या समुद्रातल्या एका बेटावर चालून गेलेत. रात्रीच काही माणसं आत शिरली, दरवाजा उघडला, सकाळपर्यंत शहर ताब्यात. बादशहा बाल्डविन जहाजात बसून पळाला.

तुझी कादंबरी इथे संपते. आता पुढचं ऐक. गादीचा खरा वारस जॉन लास्कारिस हा लहान मुलगा होता आणि कारभार मायकेल पॅलिओलोगोसच्या हातात होता. मायकेलने राजधानीत स्वतःला पुन्हा अभिषेक करवून घेतला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला, पोराच्या अकराव्या वाढदिवशी, त्याचे डोळे काढवले. धर्मगुरूने मायकेलला बहिष्कृत केलं. शहराची तटबंदी, आरमार, पश्चिमेकडचं राजकारण यात पैसा ओतता ओतता आशिया मायनरची, म्हणजे निकियाकडची, सरहद्द उघडी पडली. १३३१ मध्ये निकिया उस्मानी तुर्कांनी घेतलं. म्हणजे राजधानी परत मिळाल्यापासून ७० वर्षांत, जिने ५७ वर्षं पोटाशी धरलं तीच भूमी गेली.

तर धुळाक्षर, माझा प्रश्न: शरभ खाली उतरले की पठारावर कोण राहणार?

घोडेबाजार

माझा त्याहून साधा प्रश्न. खाणार काय?

४,००० माणसं म्हणजे ४,००० लढवय्ये नव्हेत. निम्मी पोरं आणि म्हातारी धर. उरली २,०००, तीही बायका लढतात असं मानून. खाणी चालू ठेवायला, गुरं राखायला माणसं लागतातच. महिनोन्‌महिने घराबाहेर राहतील असे ७०० स्वार निघाले तरी खूप झाले. (बखरखोरांच्या ८०० शी छान जमतंय, हे वेगळंच.)

आता स्वारामागे दोन घोडी, एकूण १,४००. चण लहान, वजन ४०० किलो धरलं तरी घोड्याला दिवसाला ८ किलो सुका चारा. रोजचे झाले ११ टनांच्या वर. पाणी घोड्यामागे ३० लिटर म्हटलं तर ४२,००० लिटर. चरायला सोडली तर चाऱ्याचं ओझं वाचतं, पण चरणारं घोडं चालत नाही आणि पोट भरायला त्याला दिवसातले कित्येक तास लागतात. म्हणजे रोजची मजल निम्म्यावर.

आणि काका निघालाय उन्हाळ्यात! गवत वाळलेलं, ओढे आटलेले. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्यानंतर निघत, त्यात शकुनाइतकाच चाऱ्याचाही भाग होता. पाऊस सरलेला, नद्यांना उतार, गवत तयार. काकाला सांग थांब म्हणावं.

उगाचच

काका थांबला तर कादंबरीच थांबेल हो.

घोडेबाजार

नाही ना. घाई असूनही थांबावं लागतंय, खाली भाऊबंदकी मिटत चाललीय आणि इथे गवत वाढायची वाट बघतायत. यात ताण नाही असं कोण म्हणेल?

तिरपा डोळा

ते चाऱ्याचं बघू नंतर. आधी हे 'थोरलं कुळ' काय प्रकरण आहे?

पिढी २५ वर्षांची धरली तर १८० वर्षांत सात पिढ्या. प्रत्येकाची दोनच मुलं जगली असं मानलं तरी निसटून आलेल्या एका राजपुत्राचे सातव्या पिढीत १२८ वंशज होतात. पठारावरची माणसं आपसांतच लग्नं करत असणार, म्हणजे एव्हाना ज्याच्या त्याच्या अंगात ते रक्त. मिठाच्या खाणीत कुदळ मारणारा गडीही राजपुत्रच. मग थोरलं कोण हे ठरवलं कुणी, कधी आणि कुणाला गप्प बसवून?

त्यापुढची खुबी इतिहासानेच शिकवलेली आहे. औरंगजेब गेल्यावर १७०७ मध्ये मोगलांनी शाहूला सोडलं. सतरा-अठरा वर्षं कैदेत असलेला वारस परत येतोय, आणि इकडे त्याच्या गैरहजेरीत ताराबाईंनी राज्य झुंजवत ठेवलेलं. हा शाहू नव्हेच, तोतया आहे, असा आवाज ताराबाईंच्या बाजूने उठला. त्याच वर्षी खेडला दोघांच्या फौजा समोरासमोर आल्या आणि धनाजी जाधव शाहूकडे गेले. कैद्याला फक्त सोडून दिलं आणि मराठ्यांची दोन राज्यं झाली.

तुझ्या सप्तद्वारच्या सध्याच्या राज्यकर्त्यांकडे असाच एखादा शरभ असू दे. राजधानी पडली त्या रात्री सगळेच थोडे निसटले असतील? जो पकडला गेला त्याचा वंश राजवाड्याच्या मागच्या अंगणात सात पिढ्या पोसलेला. काका खाली उतरायला लागला की ते त्याला एक घोडा देतात आणि पठाराकडे पाठवून देतात. मानाने.

धुळाक्षर

तिरपा डोळा, साष्टांग. हा माणूस मी चोरणार. नाव अजून सुचत नाहीये, पण तो पठारावर येतो तेव्हा त्याला घोड्यावर नीट बसताही येत नाही हे नक्की ठरलं. आणि तरीही त्याचं बोलणं शरभांपेक्षा जास्त दरबारी, कारण तो राजवाड्यात वाढलाय.

सेनानी निवृत्त

अहो, चारा मोजून झाला, वंशज मोजून झाले. थोडं काळजाचंही बोलायचं की नाही? हल्ली पराक्रमाची गोष्ट निघाली की तिच्यातली हवा कशी काढता येईल एवढंच बघतात लोक. हरलेल्या घराण्यातलं पोर 'मी परत घेईन' म्हणून उठतं, यात काहीतरी आहे म्हणून तर हजारो वर्षं या गोष्टी टिकल्यात.

७५० मध्ये अब्बासींनी दमास्कसच्या खलिफांचं उमय्या घराणं शोधून शोधून कापलं. त्या घराण्यातला अब्दुर्रहमान साधारण तुमच्या तारिणीच्याच वयाचा. मागे स्वार लागलेले, त्याने आणि धाकट्या भावाने फरात नदीत उडी घेतली. काठावरून हाका आल्या, परत या, अभय देतो. भाऊ अर्ध्या पाण्यातून मागे वळला. अब्दुर्रहमान पलीकडे पोचला तेव्हा त्याच्या डोळ्यांदेखत भावाचं शिर उडवलं, असं सांगतात. पुढे उत्तर आफ्रिका तुडवत तो ७५५ मध्ये स्पेनला पोचला आणि ७५६ मध्ये कॉर्डोबा घेऊन राज्य उभं केलं. बरोबर ना सैन्य ना खजिना. याचा हिशोब मांडा बघू घोडेबाजार!

नाहीतर जपानचा यामानाका शिकानोसुके बघा. अमागो घराण्याचा किल्ला १५६६ च्या सुमारास पडला, घराणं संपलं. याने चंद्रकोरीपुढे उभं राहून मागणं मागितलं, की माझ्यावर सात संकटं आणि आठ क्लेश येऊ देत, पण माझं घराणं पुन्हा उभं राहू दे. मरेपर्यंत झुंजत राहिला. १५७८ मध्ये तोही संपला. हरला म्हणा हवं तर. पण जिंकलेल्या सरदारांपैकी किती जणांची नावं लोकांच्या तोंडी आहेत आणि याचं अजून आहे.

घोडेबाजार

सेनानी, अब्दुर्रहमानचा हिशोब सोपा आहे. स्पेनमध्ये उमय्यांचे जुने आश्रित आणि सीरियाहून आलेल्या तुकड्या आधीच होत्या, बोलणी आधी झाली, तो मागाहून उतरला. म्हणजे चाऱ्याची सोय करूनच आला की!

बखरखोर

सेनानी, काळजाबद्दल माझं भांडण नाही. पण तुमचीच दोन्ही उदाहरणं नीट बघा. अब्दुर्रहमानने दमास्कस परत घेतलं नाही. तो दुसऱ्या टोकाला जाऊन नवं घर बांधून बसला आणि खलिफा हा किताबही त्याने लावला नाही, अमीर म्हणवून घेतलं. खलिफा व्हायला त्याच्या वंशजाला ९२९ साल उजाडावं लागलं.

आणि शिकानोसुकेने गादीवर बसवायला कोण आणला? क्योटोच्या मठातून एक भिक्षू. अमागो कात्सुहिसा. जो संन्यास घेऊन बसला होता त्याला बाहेर काढून सांगितलं, की तू आमचा धनी. १५७८ मध्ये किल्ला वेढ्यात सापडला तेव्हा पोट फाडून घ्यायची पाळी त्या धन्यावर आली. मला शिकानोसुकेच्या चंद्रकोरीपेक्षा हा कात्सुहिसा जास्त छळतो. त्याला कुणी विचारलं होतं?

सेनानी निवृत्त

विचारलं नसेल. पण तो आला ना? नाही म्हणाला असता तर मठात जगला असता. माणूस कधी कधी आपल्यापेक्षा मोठ्या गोष्टीला हो म्हणतो आणि त्याला सगळं ठाऊक असतं. तारिणीला एवढी तरी मोकळीक द्या, धुळाक्षरताई. तिला बिचारी फसलेली मुलगी करू नका.

उगाचच

सेनानींना +१. मात्र घोड्यांना चारा घालूनच.

पाणथळ

इतके प्रतिसाद झाले आणि सप्तद्वारमध्ये सध्या राहतं कोण, हे एकानेही विचारलेलं नाही.

सात पिढ्या तिथेही जन्मल्या, मेल्या. ज्याच्या पणजोबाने नवा कालवा खणला त्याला शरभांची नावनिशाणी कशी माहीत असणार? खालच्या बाजारात शरभ म्हणजे मीठवाले. वर्षातून दोनदा उंटांवरून मीठ आणतात, भाव पाडून मागितला तर तलवारीला हात घालतात, धान्य घेऊन परत जातात. कुणी त्यांच्या गर्वाची नक्कल करून पोरं हसवत असेल. ही माणसं 'आमचे धनी आले' म्हणून दरवाजे उघडतील हे शरभांना कोणी सांगितलं?

मला त्या पडलेल्या साम्राज्याबद्दलही ऐकायचंय. ते पडलं कशाने? शत्रू आला हे उत्तर नको, शत्रू नेहमीच येतो. सारा जास्त होता का? सरहद्दीवरच्या शिपायांचे पगार थकले होते का? आतून दरवाजा कोणीतरी उघडला असेल तर तो का उघडला? शरभांच्या गाण्यांत हे नसणार, पण कालव्याकाठच्या गाण्यांत असेल.

झुळूक

पाणथळ यांच्या प्रतिसादावरून सुचलं. सगळे घोड्यांवर बसून निघालात आणि तलवारी खुंटीलाच राहिल्या की! सगळ्यात मौल्यवान गोष्ट तीच आहे.

तोंडी परंपरेत एक खोड असते. मूळ पुरुष नीट आठवतो, गेल्या तीन-चार पिढ्या नीट आठवतात, मधल्या गळून जातात. वंशावळीतली मधली नावं एकमेकांत मिसळतात आणि मधली शंभर वर्षं जणू कुणी जगलंच नाही. शरभांची गाणीही अशीच असतील: राजधानीची शेवटची रात्र, आणि मग एकदम आजोबा.

पण तलवार काही गाळत नाही. तारिणी तळहात चिरते तेव्हा मधल्या पिढ्याही बोलणार. ज्यांनी कधी लढाई बघितली नाही. ज्यांनी ती तलवार मिठाची ढेप फोडायला वापरली. त्यातली एखादी पणजी म्हणेल, अगं आम्ही सुखात होतो इथे, कशाला जाताय खाली. आणि सगळ्यात जुना आवाज, ज्याच्या तोंडून साम्राज्याचं वैभव ऐकायला सगळे टपलेत, तो नुसता त्या रात्रीच्या धुराबद्दल बोलत राहील, कारण त्याला तेच आठवतंय.

अजून एक. नियम तूच सांगितलायस: ज्यांच्या ज्यांच्या हातात होती त्यांचे आवाज. मग एखादी तलवार लढाईत शत्रूने घेतली, दहा वर्षं वापरली आणि शरभांनी परत आणली असेल तर? तिच्यात शत्रूही आहे. तो काय सांगतो, हे त्या कुळाने सात पिढ्या कुणाला कळू दिलेलं नाही.

तिरपा डोळा

आई शप्पथ. आणि ती थोरल्या कुळाचीच तलवार असणार.

झुळूक

मी म्हटलं नाही, पण असणारच.

धुळाक्षर

मंडळी, एवढं वाचून मी मागची तीन प्रकरणं बाजूला ठेवली आहेत. राजधानी पडली कशी हे मी तारिणीला त्या शत्रूच्या आवाजातून सांगणार. दरवाजा आतून उघडला तो एका शरभानेच, आणि पगार थकले म्हणून. (पाणथळ, आभार.) सेनानी, तारिणी फसलेली नसेल. तिला हे सगळं कळतं आणि तरी ती निघते. का निघते ते मला अजून लिहायचंय, सांगता येत नाही.

आता पुढचा पेच. खाली उतरायला ७०० स्वार आणि १,४०० घोडी. वाटेत आणखी माणसं जोडावी लागणार. काकाकडे पैसा नाही, मीठ आहे. लोक कशाच्या जोरावर सामील होतील?

बखरखोर

न जिंकलेल्या जमिनीच्या जोरावर. १६८९ नंतर राजाराम महाराज जिंजीला होते, रायगड गेलेला, खजिना रिकामा. मोगल देशमुखांना वतनं देऊन फोडत होते, म्हणून मराठ्यांनाही वतनांच्या सनदा वाटाव्या लागल्या. १६९१ मध्ये घोरपड्यांना दिलेलं आश्वासन वाचण्यासारखं आहे. रायगडचा मुलूख घेतला की एवढी रक्कम, विजापूर घेतलं की एवढी, भागानगर (हैदराबाद), औरंगाबाद, आणि थेट दिल्ली घेतली की उरलेली मोठी रक्कम. जिंजीत स्वतः वेढ्यात बसलेलं राज्य दिल्लीचे हप्ते बांधून देतंय! हिंमत म्हणा, गरज म्हणा, दोन्ही खरंच.

काकालाही तेच करू दे. मिठाच्या पोत्यावर बसून तो खालच्या गढीवाल्यांना सनदा लिहून देतोय. अमुक कालवा तुझा, अमुक नाका तुझा. जिंकायच्या आधीच साम्राज्य वाटून संपत आलंय. मग शेवटी तारिणीच्या हाती काय उरतं ते बघ. आणि एकाच कालव्याच्या दोन सनदा दोघांना गेल्या असतील तर तिचा पहिला दरबार त्या भांडणातच जाणार.

पाणथळ

आणि कालवा ज्यांच्या शेतातून जातो त्यांच्याकडे तिसरा कागद, सध्याच्या राजाचा.

सेनानी निवृत्त

हे मात्र आवडलं. काका मला आता माणूस वाटायला लागला. तो लबाड नाहीये, त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नाहीये.

वाटसरू जुना

उशिरा आलोय, पण शेवटाबद्दल बोलतो. राजधानी लढून घ्यायलाच हवी का?

चित्तोड १५६८ मध्ये अकबराने घेतलं. महाराणा प्रतापांनी पुढे मेवाडचा बराच मुलूख सोडवला, पण चित्तोड त्यांच्या हयातीत हाती आलं नाही. १५९७ मध्ये ते गेले. परत मिळालं ते १६१५ मध्ये, त्यांचा मुलगा अमरसिंह आणि जहांगीर यांच्या तहात, आणि अट काय? किल्ला घ्या, पण त्याची डागडुजी करायची नाही. तुमचा चित्तोड तुम्हाला, पण भिंती पडलेल्याच राहतील. मला इतिहासातली ही सगळ्यात कडू अट वाटते. अमरसिंहांनी सही केली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या युद्धाने मुलूख उजाड झाला होता.

बैलगाड्यांतून भटकणाऱ्या गाडिया लोहारांची परंपरा सांगते, की चित्तोड पडल्यावर त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली: ते स्वतंत्र होईपर्यंत घरात राहायचं नाही, खाटेवर निजायचं नाही. तह झाला तरी शपथ सुटली नाही, कारण तो तह म्हणजे स्वातंत्र्य नव्हेच. गाडीतच जन्म, गाडीतच मरण. १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना समारंभाने चित्तोडगडावर नेलं. बरेचसे त्यानंतरही गाड्यांतच राहिले. इतक्या पिढ्यांनी ती शपथ राहत नाही, जगण्याची रीत होते.

तर धुळाक्षर, भाऊबंदकीला कंटाळलेला सप्तद्वारचा एखादा राजा शरभांना म्हणाला, की घ्या राजधानी, फक्त तट बांधायचा नाही, तर?

झुळूक

आणि लग्नात कुठल्या दिशेला तोंड करायचं?

धुळाक्षर

वाटसरू, तुमचा प्रतिसाद वाचला आणि रात्रभर जागी राहिले. शेवट हाच. लढाई होते, पण मधे. निकाल लागत नाही, दोन्हीकडची माणसं आणि घोडी थकतात आणि मग तह.

बखरखोर

तहाचा प्रसंग लिहिणार असशील तर एक तपशील घे. चीनमध्ये मिंग घराणं बुडाल्यावर झेंग चेंगगाँगने १६६२ मध्ये डचांकडून तैवानचा किल्ला घेतला आणि तिथून मिंगांच्या नावाने कारभार केला. ज्या योंगली बादशहाच्या नावाने तो लढत होता तो त्याच वर्षी मारला गेला, झेंगही त्याच वर्षी वारला. तरी त्याच्या मुलाने आणि नातवाने १६८३ मध्ये शरण जाईपर्यंत योंगली शकच चालवला. वीसेक वर्षं सगळे कागद एका मेलेल्या बादशहाच्या राज्यवर्षाने.

शरभही आपले कागद शेवटच्या सम्राटाच्या राज्यवर्षानेच घालत असणार. सम्राट मरून १८० वर्षं झाली, म्हणजे त्यांच्या लेखी त्याचं राज्यवर्ष १९० किंवा २०० चालू असेल. मग तहाच्या मसुद्यावर तारीख कुणाची?

धुळाक्षर

बखरखोर!!! थांबा, हे आत्ताच लिहून काढते. कच्चं आहे, पण टाकते.

"कारकुनाने बोरू शाईत बुडवला आणि पहिल्याच ओळीला थांबला. कलमं ठरली होती: राजधानी शरभांकडे, तट पडलेला राहील, नाक्याचं उत्पन्न निम्मं. तीन दिवस भांडून ठरली होती. 'मिती?' त्याने विचारलं. राजाच्या बाजूने कुणीतरी चालू वर्ष सांगितलं. काकाने मान हलवली. 'सम्राटांचं एकशे चौऱ्याण्णवावं वर्ष,' तो म्हणाला. राजाचा दिवाण हसला, मग काका गंभीर आहे हे बघून हसायचा थांबला. बोरूच्या टोकावरून शाईचा थेंब मसुद्यावर पडला. कारकुनाने तो बाहीने टिपला, डाग पसरला. राजवाड्यात वाढलेला शरभ तारिणीच्या कानाशी वाकला. 'आमच्याकडे दोन्ही घालतात,' तो कुजबुजला. 'एक वर, एक खाली.' 'वर कुणाचं?' तारिणीने विचारलं. तो गप्प झाला."

सेनानी निवृत्त

झकास. आता जांभई येते का सांगा.

धुळाक्षर

नाही. आता प्रश्न एवढाच, की त्या क्षणी तारिणी तलवारीला विचारते की नाही. विचारलं तर कुठला आवाज आधी बोलेल?

पाणथळ

विचारू नये. एवढं एक तिने स्वतःचं ठरवावं.

सेनानी निवृत्त

विचारावं. सगळ्यांचं ऐकून घ्यावं आणि मग ठरवावं. पूर्वजांना न विचारता सही करणारी पोर शरभ कसली?

तिरपा डोळा

विचारावं, पण सगळ्यांसमक्ष. म्हणजे राजाच्या लोकांनाही कळेल की तलवारीत त्यांचाही माणूस आहे.

घोडेबाजार

तुम्ही आवाजांवर भांडा, मी एवढंच विचारतो: तह होईपर्यंत तीन दिवस घोडी कुठे बांधली होती?

धुळाक्षर

पडलेल्या तटाच्या आतल्या अंगाला. राजधानीच्या जुन्या चौकात गुडघाभर गवत आहे, पहिल्याच दिवशी चरायला सोडली. पुढचं प्रकरण लिहून झालं की याच धाग्यावर टाकते. तिरपा डोळा, तो 'सगळ्यांसमक्ष'वाला मुद्दा जरा उलगडून सांगा ना: चीर तारिणीने दिली तर आवाज फक्त तिलाच ऐकू येतो, मग राजाच्या लोकांना कसं कळणार?

तिरपा डोळा

राजाच्याच एखाद्या माणसाला तळहात पुढे करायला सांग.